रिकाम्या जागेचं उत्तर

मी नाशिकच्या एका कंप्युटरच्या ऑफिसात खोटं गिऱ्हाईक म्हणून काम करते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पगार विचारतात. पगार सांगणार नाही. काम सांगते.

शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर भाजी. मखमलाबादला आमचा मळा. तिथली भाजी आणि सणाच्या दिवसांत झेंडू घेऊन मी दर बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात बसायची, एरवी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार. गुडघे गेले तेव्हा दारोदार बंद झालं, बुधवार तेवढा राहिला. त्याच सुमाराला नीलेश आला. त्याची आई माझं जुनं गिऱ्हाईक. लहानपणी तिच्याबरोबर यायचा आणि माझे वाटाणे सोलून खायचा. आता दिंडोरी रोडला खताच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यानं ऑफिस थाटलं होतं.

"मावशी, फोनवरून भाजी विकायचा प्रोग्राम करतोय," तो म्हणाला. "मळ्यातल्या बायका माल देणार, गिऱ्हाईक फोनवर बोट लावून पिशवी भरणार, सकाळी पिशव्या बांधून बिल्डिंगींत पोचवायच्या. मला असं माणूस पाहिजे ज्याला गिऱ्हाईक कसं छळतं ते माहीत आहे."

"छळायचं कुणाला?"

"प्रोग्रामला. तुम्ही रोज खोट्या ऑर्डरी द्यायच्या. बंद पडला की सांगायचं."

आयुष्यभर लोकांनी मला फुकट छळलं होतं. त्याचे आता पैसे मिळत होते. मी हो म्हटलं.

गंगापूर रोडच्या एक बाई होत्या. भेंडीचं एकेक टोक मोडून बघायच्या, मोडलेल्या भेंड्या माझ्या पाटीत ठेवायच्या आणि न मोडलेल्या घेऊन जायच्या. एक रिटायर्ड साहेब सगळं तोलून, पिशवीत घालून झालं की म्हणायचे, "आता यातली गवार काढा." एक जोडपं होतं. तो टाकायचा, ती काढायची, आणि शेवटी दोघं रिकामी पिशवी घेऊन भांडत जायचे. या सगळ्यांची सोंगं मी फोनवर घेतली. पिशवी गच्च भरली आणि एक लिंबू ठेवून बाकी सगळं काढलं. पैसे भरता भरता मागं येऊन दुधी वाढवला. सुरुवातीला प्रोग्राम इतका पडायचा की प्राजक्ता माझ्याशी बोलेनाशी झाली.

प्राजक्ता म्हणजे प्रोग्राम लिहिणारी मुलगी. सटाण्याकडची. घरी कांदा, हिनं मात्र कंप्युटरचं शिक्षण घेतलेलं.

"मावशी, असं कोण करतं?" ती वैतागून विचारायची.

"सगळे करतात. तू बाजारात बसलीस का कधी?"

"नाही."

"मग लिही."

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, मला जसं सांगितलं गेलं तसंच. प्राजक्ता ज्या भाषेत लिहिते तिचं नाव गो. भाषा कडक आहे. कुठल्या डब्यात काय ठेवणार ते आधी सांगावं लागतं. किलोचा डबा म्हटला की त्यात किलोवरचाच माल. चुकून नगावरचं लिंबू ठेवलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही, हे इथं चालणार नाही असं आधीच सांगतो. प्राजक्ताला ते फार आवडायचं. ती म्हणायची, पिशवी फाटकी आहे हे घरातून निघतानाच कळतं, बाजारात भाजी सांडल्यावर कळत नाही.

पण भाजीचं माप एक नसतं. कांदे-बटाटे किलोवर. लिंबू, नारळ, फ्लॉवर नगावर. पालेभाजी जुडीवर. डांगर अख्खं असलं तर नग आणि कापलं तर किलो, यावर आम्ही दोघी एक दुपारभर भांडलो. मग गिऱ्हाइकाची पिशवी कशाची म्हणायची? किलोची म्हटली तर लिंबू बाहेर, नगाची म्हटली तर कांदा बाहेर.

यावर प्राजक्तानं तोड काढली. "तू कोण आहेस असं मी विचारणारच नाही. दोनच गोष्टी विचारणार, तुझं नाव काय आणि तुझे किती झाले. ज्याला ही दोन उत्तरं देता येतात ते पिशवीत बसेल."

याला त्यांच्यात इंटरफेस म्हणतात. तिनं त्याचं नाव ठेवलं वस्तू. आणि एकामागं एक अशी जी रांग असते तिला स्लाइस म्हणतात. म्हणजे आमची पिशवी ही वस्तूंची स्लाइस झाली. शब्द माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला. गोष्ट लगेच कळली, कारण बाजारात असंच असतं. पावती फाडणारा रांगेनं येतो तेव्हा मेथीवाली आहे की बांगड्यावाली हे बघत नाही. नाव काय आणि किती जागेची पावती, एवढंच विचारतो. उत्तर मिळालं की पुढं.

बुधवारच्या बाजाराची एक रीत इथंच सांगून टाकते. तिथं जागा कुणाच्या नावावर नसते. जो वर्षानुवर्षं बसतो त्याची ती. एखाद्या बुधवारी उशीर होणार असला तर पहाटेच कुणाकडून तरी जागेवर गोणपाट टाकून घ्यायचं आणि वर दगड ठेवायचा. पावतीवाला त्या गोणपाटापाशी थांबला की शेजारची बाई बोलते, "जागा हाय तिची, येतीये, पावती माझ्याकडं द्या." शेजारणीनं पावती घेतली की जागा शाबूत. कुणीच बोललं नाही तर तो ती दुसऱ्याला देतो. त्यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

माझी शेजारीण हिराबाई. आडगावची. तिची जागा पायऱ्यांना लागून होती, उतरणाऱ्या माणसाचा पहिला पाय तिच्या पाटीपाशी पडायचा. त्या जागेवर तिनं दोन मुली उजवल्या. तिला यायला जमलं नाही की मी बोलायची, मला जमलं नाही की ती बोलायची. आमच्यात मैत्री वगैरे होती असं मी म्हणणार नाही. ती माझी गिऱ्हाइकं पळवायची, मी तिची. पण जागेच्या बाबतीत दोघींनी कधी एकमेकींना दगा दिला नाही.

प्रोग्राम तयार झाला आणि पहिल्यांदा खऱ्या ऑर्डरी घ्यायच्या ठरल्या तेव्हा बिल्डिंगींतल्या लोकांनी बुधवारच मागितला, कारण आठवड्याची भाजी ते त्याच दिवशी भरतात. नीलेशला पालेभाजीला चांगलं माणूस हवं होतं. मी हिराबाईचं नाव सांगितलं. तिनं पहिल्याच दमात नकार दिला.

"बुधवारचं नाय जमायचं. माझी जागा जाईल."

"एका बुधवारानं जागा जाते का? गोणपाट टाकू. मी पण टाकतेय माझ्या जागेवर."

"आन बोलंल कोण?"

"अगं, पावतीवाला काय आपल्याला ओळखत नाही? किती वर्षं झाली."

"तू म्हणतीस म्हणून येते. त्या पोराचं मला काय ठावं नाय." ती नीलेशच्या शब्दावर आली नाही, माझ्या शब्दावर आली.

तिची एक अट होती. जुडी तोलायची नाही. "पाणी मारलेली जुडी तोलली तर मी चोर ठरते, आन पाणी नाय मारलं तर दुपारपर्यंत तिचं गवत होतं." अट बरोबर होती. बाजार समितीतही जुडीचा भाव शेकड्यावर निघतो, वजनावर नाही. तोवर प्रोग्राममध्ये किलो आणि नग एवढीच मापं होती, आता जुडी घालावी लागली. पालेभाजीत पहिल्यांदा फक्त कोथिंबीर घ्यायचं ठरलं.

जुड्यांची रांग प्राजक्तानं वेगळी केली होती, कारण पालेभाजीचा हिशेब बायका वेगळा देणार होत्या. ती रांग तिनं उचलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायला घेतली तर भाषेनं अडवलं.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"म्हणते, जुड्यांची रांग म्हणजे वस्तूंची रांग नव्हे."

"जुडी वस्तू नाही का?"

"एकेक जुडी वस्तू आहे. पण तिच्यासाठी दोन्ही रांगा वेगळ्या. आख्खी रांग उचलून देता येत नाही. नवी वस्तूंची रांग करायची आणि एकेक जुडी उचलून तिच्यात बसवायची."

"मग बसव की."

तिनं बसवल्या. भाषेनं तक्रार केली नाही. प्राजक्तानं स्वतःची एक चाचणी करून बघितली, त्यातही कोथिंबीर चालली. मग मी ऑर्डरी दिल्या, नीलेशनं दिल्या, त्याच्या बायकोनं दिल्या. सगळं सुरळीत. आमच्यापैकी एकानंही कोथिंबिरीवर बोट ठेवलं नव्हतं, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेरच्या वाचकाला यात नवल वाटेल. आमच्याकडे चार भाज्या घेणारा माणूस कोथिंबिरीचे पैसे देत नाही. तोलून झालं की तो पिशवी पुढं करतो आणि म्हणतो, "थोडी कोथिंबीर टाका." आपण टाकतो. मी जन्मभर टाकत आले. खोटी ऑर्डर देतानासुद्धा कोथिंबीर विकत घ्यायची हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि नीलेश तर माझ्याच पाटीपुढं वाढलेला.

बुधवार उजाडला. मखमलाबादला पत्र्याच्या शेडमध्ये माल आला. हिराबाईनं पहाटेच पुतण्याला पाठवून घाटावर दोन गोणपाटं टाकून घेतली होती, तिचं आणि माझं, दगडांसकट. आता प्रोग्रामनं सगळ्या पिशव्या एकेक करून बघायच्या, कुणाचे किती झाले ते काढायचं आणि कोणत्या पिशवीत काय भरायचं त्याच्या चिठ्ठ्या द्यायच्या. प्राजक्तानं सुरू केला. पडला. परत सुरू केला. परत पडला. एकही चिठ्ठी नाही.

मला वाटलं नेट गेलं असेल. नेट होतं. मला वाटलं पत्र्याखाली यंत्र तापलं असेल, तसं मी बोलूनही दाखवलं. नीलेश बाहेर फोनवर गिऱ्हाइकांना समजावत होता. बायका मालापाशी बसून होत्या. हिराबाई जुड्यांवर पाणी शिंपडत होती आणि दारातून ऊन किती वर आलं ते बघत होती.

"तारे," ती मला म्हणाली, "आत्ता निघाले तर बाजार गावंल. पावतीवाला अजून फिरला नसंल. जाऊ का?"

"थोडं थांब."

"तुझं थोडं म्हणजे किती?"

"ती पोरगी बघतेय ना."

हिराबाई बसली. पण पाटीचं फडकं तिनं बांधून ठेवलं.

प्राजक्तानं निम्म्या पिशव्या बाजूला काढल्या आणि उरलेल्यांवर चालवून बघितलं. चाललं. बाजूच्या निम्म्या घेतल्या, पडलं. त्यांच्या परत निम्म्या केल्या. असं करत करत ती एका पिशवीपाशी आली. इंदिरानगरच्या एक बाई, बाहेरगावाहून नव्यानं राहायला आलेल्या. टोमॅटो, भेंडी, दोन जुड्या कोथिंबीर.

"कोथिंबीर?" हिराबाई म्हणाली. "इकत? कुठली हाय ही बाई?"

प्राजक्तानं कोथिंबीर काढली. पिशवी चालली. परत घातली. पडलं.

"मग काढून टाक," नीलेश दारातून म्हणाला. "कोथिंबीर नाही म्हणून सांगतो मी त्यांना. बाकीच्या पिशव्या बांधा."

"माझी कोथिंबीर काढायची तर मी हितं कशाला बसले रे?" हिराबाई म्हणाली. "जागा टाकून आले मी."

एवढ्यात प्राजक्ताचा फोन वाजला, तिची आई. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आलं. "जेवनी का माय?" "नंतर," म्हणून प्राजक्तानं फोन उलटा ठेवला आणि स्क्रीनमध्ये डोकं घातलं. मग एकदम मागं टेकली.

"सापडलं," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. तिनं माझ्या पायाजवळचे दोन बटाटे घेतले आणि जमिनीवर बोटानं चौकोन आखले.

"मावशी, नवी रांग करायला मेक म्हणून एक हुकूम आहे. जुड्या दोन होत्या, म्हणून मी त्याला सांगितलं, दोनाची रांग कर. त्यानं केली. दोन जागा, दोन्ही रिकाम्या. मग मी जुड्या अपेंड केल्या. अपेंड म्हणजे रांगेच्या शेवटी नेऊन बसवणं. मला वाटत होतं त्या या दोन जागांवर बसतायत. त्या बसल्या यांच्या मागं." तिनं बटाटे रिकाम्या चौकोनांच्या मागं ठेवले. "म्हणजे रांग झाली चाराची. पुढं दोन रिकाम्या जागा, मागं दोन जुड्या."

"पुढं गोणपाट, मागं बाई," मी म्हटलं.

"हो. आणि बेरीज पुढून सुरू होते. पहिल्या जागेला विचारते, तुझे किती झाले. तिथं कुणीच नाही. त्याला आम्ही निल म्हणतो. निलला प्रश्न विचारला की सगळाच प्रोग्राम पडतो. त्या एका पिशवीपुरता नाही, सगळ्यांचा."

"मग तुझ्या चाचणीत कोथिंबीर कशी चालली?"

"तिथं मी रांग आखतानाच कंसात लिहून टाकलं होतं की हा कांदा, हे लिंबू, ही जुडी. सगळे आपापल्या जागेवर बसूनच आले. रिकामी जागा उरलीच नाही."

"एवढी कडक भाषा, आणि तिनं हे आधी सांगितलं नाही?"

"जागा वस्तूसाठी आहे की नाही तेवढंच ती बघते. जागेवर कुणी बसलंय का, ते नाही बघत."

दुरुस्ती छोटी होती. मेकला दोन आकडे देता येतात, बसलेले किती आणि जागा किती जणांची. पहिला आकडा शून्य द्यायचा, दुसरा जुड्या असतील तेवढा. मग जागा धरलेली राहते, पण रांग रिकामी मोजली जाते आणि पहिली जुडी पहिल्याच जागेवर बसते. तिनं तो शून्य घातला. चिठ्ठ्या यायला लागल्या.

हिराबाई हे सगळं ऐकत होती. जुड्या उचलता उचलता म्हणाली, "रिकाम्या जागंशेजारी बोलणारं माणूस ठिवलं नव्हतं का तुमी?"

प्राजक्ता हसली, बायकाही हसल्या. मला हसू आलं नाही. मला घाटावरची दोन गोणपाटं दिसली, एकाला एक लागून. हिराबाईसाठी बोलायची ती मी आणि माझ्यासाठी बोलायची ती हिराबाई. आम्ही दोघीही शेडमध्ये, आणि ऊन डोक्यावर आलेलं.

पिशव्या बांधायच्या होत्या. उशिरा गेल्या. लोक कुरकुरले आणि घेतल्या. इंदिरानगरच्या बाईंना त्यांच्या दोन जुड्या मिळाल्या. वर हिराबाईनं मूठभर कोथिंबीर फुकट टाकली, हाताला सवय होती म्हणून.

पुढच्या बुधवारी आम्ही घाटावर गेलो. माझ्या जागेवर आदल्या बुधवारी कुणीतरी भांडी मांडून बसलं होतं म्हणे, पण ऊन लागतं म्हणून सोडून गेलं. माझी जागा मोकळी होती. हिराबाईच्या जागेवर मालेगावचा टॉवेलवाला बसला होता. तरुण होता, बोलायला नीट.

"आजी, पिछले बुधवारको पावती फाडली मी," तो म्हणाला. "ही बघा. आज पन फाडली."

हिराबाईनं पावती बघितली नाही. तिनं पावतीवाल्याला गाठलं. "मला वळखतो का न्हाई तू?"

"ओळखतो ना हिराबाई. पण गोणपाटापाशी उभं राहून दोनदा विचारलं, कुणाची जागा, कुणाची जागा. कुणी बोललंच नाही. ताराबाईंचंपण तसंच. मी पावती कुणाच्या हातात देणार?"

खरं होतं ते. भांडायला जागाच नव्हती. टॉवेलवाल्यानं काही चोरलं नव्हतं आणि पावतीवाल्यानं रीत मोडली नव्हती. हिराबाई पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. माझ्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू म्हणालीस," ती एवढंच म्हणाली.

"म्हणाले होते."

मी माझी पाटी उचलून एका कडेला घेतली. गोणपाट अर्धं दुमडलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या अर्ध्या जागेकडं. ती पायऱ्यांजवळची नव्हती. येणारा माणूस तिथवर पोचेपर्यंत त्याची निम्मी पिशवी भरलेली असते. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्याला आता बरेच बुधवार झाले. प्रोग्राम चालतो. आमच्या पिशव्या नीलेशनं मंगळवारावर नेल्या, तेवढं मी त्याला करायला लावलं. पालेभाजी आता सगळी जुडीवर जाते. माझी पहिली खोटी ऑर्डर रोज कोथिंबिरीची असते, पैसे भरून. प्राजक्तानं प्रोग्राममध्ये एक तुकडा जोडला आहे. बेरीज करताना एखादी जागा रिकामी लागलीच तर तो पडू देत नाही, इथं कुणी नाही असं सांगतो आणि पुढं जातो. इंग्रजी अक्षरांत तिनं त्याचं नाव ठेवलंय शेजारीण. चांगलं काम केलंय. घाटावरच्या जागेला त्याचा उपयोग नाही.

हिराबाईची पायऱ्यांजवळची जागा परत मिळाली नाही, आणि मिळणारही नाही. टॉवेलवाला एक बुधवार चुकवत नाही. बुधवारी आम्ही दोघी एकाच जागेत बसतो. माझी गिऱ्हाइकं ती आता पळवत नाही, हात पुढं करून घेते. मी बोलत नाही.

असं एका जागेत बसलो त्या पहिल्या बुधवारी पावतीवाला आमच्यापाशी आला आणि दोन पाट्या बघून थांबला.

"जागा एक, पावती एक. कुणाच्या नावानं फाडू?"

"माझ्या," मी म्हटलं.

"आणि या?"

मी सवयीनं तोंड उघडलं. हिराबाईनं जुडीनं माझ्या गुडघ्यावर मारलं.

"मी बसलीये ना हितं," ती त्याला म्हणाली. "मला इचार."